विलिस कॅरियर

विलिस हॅविलंड कॅरियर (२६ नोव्हेंबर १८७६ – ७ ऑक्टोबर १९५०) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व उद्योजक होते. हवेचे तापमान आणि तिच्यातील आर्द्रता या दोहोंवर एकाच वेळी स्वयंचलित नियंत्रण ठेवणारी पद्धत त्यांनी विकसित केली. आधुनिक वातानुकूलनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. मोठ्या इमारती व कारखान्यांत वापरले जाणारे केंद्रोत्सारी शीतन संयंत्र हीही त्यांचीच देणगी आहे. कॅरियर यांच्या कार्याचे खरे वैशिष्ट्य हवा थंड करण्यात नव्हते, कारण ते काम त्यांच्या आधीही अनेकांनी केले होते. ती हवी तेवढीच थंड आणि हवी तेवढीच दमट ठेवण्याचे गणित त्यांनी मांडले आणि ते गणित यंत्राकडून करवून घेतले, हे त्यांचे वेगळेपण होय.

बालपण व शिक्षण

कॅरियर यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यात ईरी सरोवराजवळील अँगोला या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. डुएन कॅरियर व एलिझाबेथ हॅविलंड यांचे ते एकुलते एक अपत्य. १६९२ साली सेलम येथे चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी दिल्या गेलेल्या मार्था कॅरियर या त्यांच्या पूर्वज होत्या.

लहानपणी त्यांना अपूर्णांक काही केल्या समजत नसत. तेव्हा आईने तळघरातून सफरचंदे आणवली आणि ती अर्धी, पाव, अष्टमांश अशी कापून त्या तुकड्यांची बेरीज-वजाबाकी त्यांच्याकडून करवून घेतली. अवघड प्रश्नाचे आधी लहान व हाताळता येतील असे तुकडे करावेत, ही सवय आपल्याला तेथे लागली असे ते पुढे सांगत. विलिस अकरा वर्षांचे असताना आईचे निधन झाले.

१८९० च्या दशकातील आर्थिक मंदीत शेतकरी कुटुंबाकडे महाविद्यालयासाठी पैसे नव्हते. विलिस यांनी काही काळ गावच्या शाळेत शिकवले. १८९७ साली राज्याची शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीत राहण्याजेवण्याचा खर्च भागत नसल्याने त्यांनी पडेल ते काम केले आणि विद्यार्थ्यांच्या कपडेधुलाईची एक सहकारी एजन्सीही चालवली. १९०१ साली ते अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

बफेलो फोर्ज कंपनी

जुलै १९०१ मध्ये आठवड्याला दहा डॉलर पगारावर ते बफेलो शहरातील बफेलो फोर्ज या कंपनीत रुजू झाले. ही कंपनी पंखे, ब्लोअर आणि वाफेवर चालणारी तापक यंत्रे बनवत असे. लाकूड किंवा कॉफी वाळवण्याच्या यंत्रासाठी किती नळ्या लागतील, याचा हिशेब त्या काळी बहुतांशी अंदाजाने होई. अंदाज चुकू नये म्हणून जास्तीची सामग्री बसवली जाई आणि तिचा भुर्दंड कंपनी सोसत असे. कॅरियर यांनी नळ्यांवरून वाहणारी हवा किती उष्णता उचलते याची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन तक्ते तयार केले. या तक्त्यांमुळे एकाच हंगामात कंपनीचे सुमारे ४० हजार डॉलर वाचले. कंपनीने त्यांच्यासाठी एक प्रयोग विभाग उघडला आणि पंचविशीतील या तरुणाला त्याचा प्रमुख केले.

याच काळात जे. आयर्व्हिन लाइल हे कंपनीच्या न्यू यॉर्क कचेरीचे प्रमुख त्यांच्या संपर्कात आले. लाइल हे उत्तम विक्रेते होते. गिऱ्हाइकाच्या अडचणी घेऊन ते कॅरियर यांच्याकडे येत आणि कॅरियर त्यांची उत्तरे शोधत. दोघांची ही भागीदारी लाइल यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४२ पर्यंत टिकली.

ब्रुकलिनचा छापखाना

१९०२ साली लाइल यांच्याकडे आलेल्या एका कामाने कॅरियर यांच्या आयुष्याची दिशा ठरली. ब्रुकलिन येथील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत छपाई चाले. एकाच कागदावर निरनिराळे रंग एकामागून एक छापावे लागत. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत तो आकसे. एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत कागदाची लांबी-रुंदी बदललेली असे आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. न्यू यॉर्कच्या उन्हाळ्यात वाया जाणारा कागद, लांबणारे काम आणि चुकणाऱ्या मुदती यांनी मालक हैराण झाले होते.

हवा थंड करायची नसून तिच्यातील बाष्प काढायचे आहे, हे कॅरियर यांनी ओळखले. त्यांनी प्रथम कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेल्या गोणपाटातून हवा खेळवून पाहिली. बाष्प कमी झाले. पण हवा तापली आणि तिच्यात क्षाराचे कण मिसळले. यंत्रे गंजवणारी अशी हवा छापखान्याच्या कामाची नव्हती. मग त्यांनी वाफेच्या नळ्यांच्या जागी थंड पाण्याच्या नळ्या योजल्या. थंड नळीवर बाष्प दवासारखे जमते आणि ओघळून जाते. नळीचे तापमान योग्य राखले तर हवेत किती बाष्प उरेल हे ठरवता येते. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेल्या आराखड्यांत वेटोळ्यांचे दोन संच होते. एकात विहिरीचे थंड पाणी आणि दुसऱ्यात अमोनियाच्या शीतन यंत्राने गार केलेले पाणी खेळत असे. दोहोंची मिळून क्षमता दिवसाला सुमारे ४९ टन बर्फ वितळल्याने मिळणाऱ्या थंडाव्याएवढी होती. वर्षभर ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता, हिवाळ्यात २१ अंश आणि उन्हाळ्यात २६.७ अंश सेल्सियस तापमान असे उद्दिष्ट होते. ही तारीख आधुनिक वातानुकूलनाचा जन्मदिवस मानली जाते.

धुक्यातील कल्पना

या यंत्रणेवर कॅरियर स्वतः समाधानी नव्हते. १९०२ च्या अखेरीस पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहत असताना दाट धुके पडले होते. धुके म्हणजे बाष्पाने पूर्ण संपृक्त झालेली हवा. पण हवा थंड असल्याने तिच्यातील एकूण पाणी मात्र अगदी थोडे. मग हवेला मुद्दाम संपृक्त केले आणि संपृक्त होतानाचे तापमान आपल्या हाती ठेवले, तर तिच्यात नेमके किती पाणी आहे हे आपोआप ठरेल, असा विचार त्यांच्या मनात आला. संपृक्त करण्याचा सोपा उपाय म्हणजे पाण्याचा बारीक तुषार. हवेतील पाणी कमी करण्यासाठी तिच्यावर पाणीच फवारायचे, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते आणि त्या काळच्या अनेक अभियंत्यांना ती तशीच वाटली. परंतु तुषार पुरेसा थंड असेल तर त्याचा प्रत्येक थेंब हा एक थंड पृष्ठभाग ठरतो आणि हवेतील जादा बाष्प त्यावर जमते. नळ्यांप्रमाणे हा पृष्ठभाग गंजतही नाही. या उपकरणासाठी त्यांनी १९०४ साली अर्ज केला आणि २ जानेवारी १९०६ रोजी त्यांना एकस्व मिळाले.

दवबिंदू नियंत्रण

दक्षिण अमेरिकी संस्थानांतील कापड गिरण्यांत काम करताना कॅरियर यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. सूत तुटू नये म्हणून गिरणीत आर्द्रता स्थिर ठेवावी लागते. पण चात्यांच्या घर्षणाने खोली सतत तापत असते. सापेक्ष आर्द्रता स्थिर राखायची असेल तर हवेचे तापमान आणि तिचा दवबिंदू यांतील फरक जवळपास कायम राहतो, असे त्यांना आढळले. उदाहरणार्थ, ५५ टक्के आर्द्रतेला हा फरक २१ अंशांवरील हवेत आणि २७ अंशांवरील हवेतही साडेनऊ अंश सेल्सियसच्या आसपासच असतो.

या निरीक्षणाचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. आर्द्रता मोजणारी उपकरणे त्या काळी बेभरवशाची होती. तापमान मोजणे मात्र सोपे होते. तुषारकक्षातून बाहेर पडणारी हवा संपृक्त असल्यामुळे तेथील तापमान म्हणजेच दवबिंदू. तेथे एक तापनियंत्रक बसवायचा आणि त्याने पाण्याची झडप कमी-जास्त उघडायची. दुसरा तापनियंत्रक खोलीत ठेवायचा. दोन तापमानांतला फरक राखला की आर्द्रता आपोआप राखली जाते. १९०७ साली त्यांनी या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. त्याच वर्षी जपानमधील योकोहामा येथील एका रेशीम गिरणीसाठी त्यांचे उपकरण रवाना झाले.

डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी हवा व बाष्प यांच्या मिश्रणाची सूत्रे मांडणारा निबंध वाचला. तापमान, आर्द्रता, दवबिंदू आणि उष्णता यांचे नाते एकाच आलेखात दाखवणारा त्यांचा तक्ता जगभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत थोड्याफार फरकाने आजही शिकवला जातो.

क्रिस्टल सिटीचे अपयश

सर्वच कामे यशस्वी झाली नाहीत. बफेलो फोर्जमध्ये असताना मिसूरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथील एका काच कारखान्यात वायू शुद्ध करणारे उपकरण बसवण्यास त्यांना पाठवण्यात आले. उपकरण चालले, पण कंपनीने हमी दिली होती तेवढे नाही. कॅरियर यांची झोप उडाली. अखेरीस त्यांनी सर्वांत वाईट काय होईल याचा हिशेब मांडला. उपकरण काढून घ्यावे लागले तर कंपनीचे २० हजार डॉलर बुडतील आणि कदाचित आपली नोकरी जाईल. तुरुंगात मात्र कोणी टाकणार नाही. एवढे मनाने स्वीकारल्यावर त्यांचे डोके चालू लागले. आणखी ५ हजार डॉलरची सामग्री जोडल्यास दोष दूर होतो असे चाचण्यांतून दिसले आणि नुकसानीऐवजी १५ हजार डॉलर पदरात पडले. डेल कार्नेगी यांनी चिंतामुक्तीवरील आपल्या गाजलेल्या पुस्तकात हा प्रसंग दिल्याने अभियांत्रिकीशी संबंध नसलेल्या असंख्य वाचकांनाही कॅरियर हे नाव माहीत झाले.

स्वतंत्र कंपनी

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर बफेलो फोर्जने केवळ उत्पादनावर भर देण्याचे ठरवले. वातानुकूलनाचा अभियांत्रिकी विभाग बंद होणार होता. कॅरियर आणि लाइल यांच्या नोकऱ्या सुरक्षित होत्या, मात्र त्यांच्या तरुण सहकाऱ्यांच्या नव्हत्या. दोघांनी बाहेर पडणे पसंत केले. २६ जून १९१५ रोजी सात जणांनी मिळून ३२,६०० डॉलरच्या भांडवलावर कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली. तिच्याकडे स्वतःचा कारखाना नव्हता; यंत्रसामग्री इतरांकडून, अगदी बफेलो फोर्जकडूनही, विकत घ्यावी लागे. औषधे, तंबाखू, चित्रफिती, चॉकलेट आणि दारूगोळा अशा हवेच्या लहरींवर अवलंबून असणाऱ्या उद्योगांनी तिला काम दिले.

केंद्रोत्सारी शीतन यंत्र

१९२० पर्यंत हवा हाताळण्याचे शास्त्र पुढे गेले होते. पाणी थंड करणारी यंत्रे मात्र जुनीच होती. दट्ट्याने मागेपुढे चालणारे अमोनियाचे संपीडक अवाढव्य, संथ आणि धोकादायक होते. अमोनिया विषारी असून तो उच्च दाबाखाली ठेवावा लागे. जिथे शेकडो माणसे जमतात तिथे असे यंत्र ठेवणे जोखमीचे होते. वीज निर्मिती व पंपांमध्ये फिरत्या यंत्रांनी केव्हाच जागा घेतली असताना शीतनातच ती का नसावीत, असा प्रश्न कॅरियर यांना पडला.

वेगाने फिरणाऱ्या चाकाने वायू बाहेर फेकून तो दाबायचा, तर प्रशीतकाची वाफ जड आणि दाब कमी असणे सोयीचे. शोधाअंती त्यांनी डायएलीन म्हणजे डायक्लोरोएथिलीन हा द्रव निवडला. तो धुलाई व्यवसायात वापरात होता. त्याच्या यंत्रात बाष्पित्रातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी राही. त्यामुळे गळती झालीच तर वायू बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरे. पहिला संपीडक जर्मनीतील लाइपझिगच्या कारखान्यातून आणवला. मे १९२२ मध्ये न्यूअर्क येथे अभियंत्यांसमोर या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. हे पहिले यंत्र पुढे सिरॅक्यूस येथील चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात दीर्घकाळ चालले. डेट्रॉइटच्या हडसन या विभागीय भांडारात १९२४ साली अशी तीन यंत्रे बसवण्यात आली. तेथील तळघरातील स्वस्त विक्रीच्या दालनात गर्दीने गुदमरून ग्राहकांना भोवळ येत असे.

रिव्होली चित्रपटगृह

सामान्य माणसाला वातानुकूलनाची ओळख चित्रपटगृहांनी करून दिली. त्यापूर्वी उन्हाळ्यात अमेरिकेतील चित्रपटगृहे ओस पडत, काही तर बंदच ठेवली जात. टेक्सासमधील प्रयोगांनंतर न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील रिव्होली चित्रपटगृहाचे काम कंपनीला मिळाले. शहराच्या सुरक्षा नियमांत डायएलीनला परवानगी नव्हती. कॅरियर यांनी सुरक्षा अधिकाऱ्यासमोर पेल्यात थोडे डायएलीन ओतले आणि त्यात पेटती काडी टाकली. द्रव मंदपणे जळून विझला, स्फोट झाला नाही. अधिकारी आधी भडकले, परंतु अखेरीस परवानगी मिळाली.

मे १९२५ च्या अखेरीस, सुट्टीच्या दिवशी उद्घाटन ठरले. पॅरामाउंटचे प्रमुख ॲडॉल्फ झुकोर बाल्कनीत येऊन बसले. प्रेक्षक सवयीप्रमाणे हातात पंखे घेऊन आले होते. ऐनवेळच्या अडचणींमुळे यंत्र सुरू होण्यास उशीर झाला आणि दरवाजे उघडले तेव्हा प्रेक्षागृह तापलेलेच होते. दोन हजारांच्या आसपास पंखे हलत होते आणि कॅरियर मागे उभे राहून ते पाहत होते. हळूहळू थंडावा पसरला. एकेक करून पंखे मांडीवर विसावले, तेव्हा ते बाहेर दालनात जाऊन झुकोर यांची वाट पाहू लागले. झुकोर यांचा निर्णय अनुकूल होता. पुढील काही वर्षांत अमेरिकेतील शेकडो चित्रपटगृहांत ही यंत्रणा पोहोचली. ही लाट मुंबईपर्यंतही आली. १९३३ साली कुलाब्यात उघडलेले रिगल वातानुकूलनाच्या सोयीसह बांधलेले होते.

यंत्रणा व तिचे आजचे नियंत्रण

मोठी रुग्णालये, विमानतळ, औषध कारखाने व संगणक केंद्रे यांतील केंद्रोत्सारी शीतन संयंत्राची रचना मुळात कॅरियर यांच्या यंत्राचीच आहे. बदलले ते त्याचे नियंत्रण. पूर्वी संपीडित हवेवर चालणारे तापनियंत्रक आणि झडपांजवळ उभा असलेला यंत्रचालक मिळून जे करीत, ते आता सूक्ष्मप्रक्रियक बसवलेली इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पट्टिका करते.

पट्टिकेला प्रामुख्याने बाहेर पडणाऱ्या थंड पाण्याचे तापमान समजत राहते. हे पाणी बहुधा ६ ते ७ अंश सेल्सियसवर राखले जाते. त्याशिवाय बाष्पित्र व संघनित्र यांतील दाब, वंगणाचा दाब व तापमान आणि मोटारीचा विद्युत् प्रवाह यांची नोंद संवेदकांमार्फत सतत येत असते. संयंत्र सुरू करण्याचा आदेश मिळाला तरी पट्टिका संपीडक लगेच चालू करत नाही. आधी पाण्याचे पंप सुरू होतात, नळ्यांतून खरोखर पाणी वाहत असल्याची खात्री होते, वंगणाचा दाब तयार होतो आणि मगच मोटार फिरू लागते. त्या वेळी संपीडकाच्या तोंडाशी असलेल्या मार्गदर्शक पात्या जवळपास मिटलेल्या असतात. पाणी ठरलेल्या तापमानापेक्षा गरम असेल तर पट्टिका त्या हळूहळू उघडते, थंड होत आले की मिटवते. काही यंत्रांत मोटारीचा वेगही बदलला जातो.

भार फार कमी झाला तर दाबलेली वाफ चाकातून उलट फिरते आणि यंत्र धडधडू लागते. अशी स्थिती ओळखून ती टाळणे हे पट्टिकेचे एक नाजूक काम आहे. बाष्पित्रातील तापमान गोठणबिंदूकडे झुकले किंवा संघनित्रातील दाब मर्यादेपलीकडे गेला, तर ती मोटार बंद करते व दोष नोंदवते. बंद झालेले यंत्र ठरावीक अवधी गेल्याशिवाय ती पुन्हा सुरू होऊ देत नाही, कारण वारंवार सुरू होण्याने मोटारीची गुंडाळी तापून जळू शकते. मोजमाप घ्यायचे, ते हव्या त्या मूल्याशी ताडून पाहायचे आणि झडप किंवा पात हलवायचे, हा क्रम १९०७ च्या गिरणीतील तापनियंत्रकांच्या जोडीत होता तोच आहे.

उत्तरार्ध

१९३० साली दोन अन्य कंपन्यांशी विलीनीकरण होऊन कॅरियर कॉर्पोरेशन अस्तित्वात आली आणि लगेच महामंदीचा तडाखा बसला. घरगुती वातानुकूलनाकडून बाळगलेल्या आशा फोल ठरल्या. १९३७ साली विखुरलेले कारखाने सिरॅक्यूस येथे एकत्र आणण्यात आले. तरीही या काळात दक्षिण आफ्रिकेतील रॉबिन्सन डीप या अतिखोल सोन्याच्या खाणीत थंड हवा पुरवण्याचे काम झाले. उत्तुंग इमारतींत रुंद वायुमार्गांना जागा नसते, म्हणून अरुंद नळ्यांतून वेगाने हवा नेणारी पद्धतही कॅरियर यांनी १९३९ च्या सुमारास तयार केली. दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलँड येथील वातबोगद्यासाठी, अतिउंचीवर विमानांना जाणवणारी कडाक्याची थंडी निर्माण करणारी शीतन यंत्रणा त्यांनी आखली. वयाच्या साठीनंतर केलेले हे काम त्यांच्या सर्वांत अवघड कामांपैकी एक होते.

कॅरियर यांचे तीन विवाह झाले. पहिल्या पत्नी एडिथ सेमोर यांचे १९१२ साली, तर दुसऱ्या पत्नी जेनी मार्टिन यांचे १९३९ साली निधन झाले. १९४१ साली त्यांनी एलिझाबेथ वाइज यांच्याशी विवाह केला. त्यांनी दोन मुले दत्तक घेतली होती. हृदयविकारामुळे १९४८ साली त्यांनी सक्रिय कामातून निवृत्ती घेतली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. बफेलो येथील फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

श्रेय व परिणाम

जनक हे विशेषण एकट्या कॅरियर यांना द्यावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. फ्लोरिडातील डॉक्टर जॉन गोरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच रुग्णांसाठी बर्फ बनवणारे यंत्र रचले होते. आल्फ्रेड वुल्फ यांनी न्यू यॉर्क शेअर बाजाराच्या इमारतीत मोठी शीतन यंत्रणा कॅरियर यांच्या बरोबरीनेच उभी केली. वातानुकूलन या अर्थाचा इंग्रजी शब्द तर १९०६ साली कापड गिरण्यांतील अभियंते स्टुअर्ट क्रेमर यांनी रूढ केला. हे सारे ध्यानात घेता, गणित आणि स्वयंचलित नियंत्रण यांच्या पायावर या विद्येला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय कॅरियर यांच्याकडे जाते, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

डायएलीनची जागा पुढे अन्य प्रशीतकांनी व १९३० च्या दशकात क्लोरोफ्लुरोकार्बन गटातील वायूंनी घेतली. ते विषारी नव्हते व पेटतही नसत, म्हणून त्यांचे स्वागत झाले; परंतु त्यांनी ओझोन थराची हानी होते हे सिद्ध झाल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला. १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात कॅरियर यांचा समावेश झाला. १९२२ चे पहिले केंद्रोत्सारी यंत्र स्मिथसोनियन संस्थेला देण्यात आले.